दाव्याने बांधलेला मज्जारज्जू
(शिरगाव येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून ज्ञातीच्या पूर्वपीठिकेसंबंधी, विद्यार्थ्यांच्या यशासंबंधी अथवा मंडळाच्या निधीसंबंधी बोलण्याचा प्रघात आहे. माझा आजचा विषय या तिन्हींहून निराळा आहे. लहान मुलांच्या पाठीच्या कण्यातील एका जन्मजात दोषाविषयी मी बोलणार आहे. हा दोष घरोघर आढळणारा नव्हे. परंतु ज्या घरात तो येतो त्या घरात तो बहुधा दोन रूपांनी येतो. त्याचे एक रूप शरीराचे असते, व दुसरे लपवालपवीचे. पहिल्यावर आज बऱ्यापैकी उपाय उपलब्ध आहेत. दुसऱ्यावरचा उपाय डॉक्टरांच्या हाती नसून आपल्यासारख्या मंडळांच्या हाती आहे. आणि दुसऱ्या रूपामुळेच पहिल्याचा उपाय पुष्कळदा उशिरा होतो. म्हणून हा विषय येथे मांडणे मला उचित वाटते.

प्रथम दोष काय आहे ते पाहू. मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू पाठीच्या मणक्यांच्या नळीतून खाली उतरतो. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत तो त्या नळीच्या संपूर्ण लांबीइतका असतो. पुढे मणके वेगाने वाढतात, रज्जू तितक्या वेगाने वाढत नाही, आणि त्यामुळे रज्जूचे खालचे टोक मणक्यांच्या तुलनेने वर वर सरकत जाते. मूल दोन-तीन महिन्यांचे होते तोपर्यंत हे टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर आलेले असते. तेथून माकडहाडापर्यंत एक बारीक, लवचिक तंतू जातो. तो ताणला जातो व सैल होतो. म्हणून आपण वाकलो, उडी मारली, तरी रज्जूला हिसका बसत नाही.

काही मुलांत हा तंतू जाड व ताठर असतो. काहींत रज्जूच्या टोकाला चरबीची गाठ चिकटलेली असते. काहींत त्वचेपासून रज्जूपर्यंत एक सूक्ष्म बीळ गेलेले असते. जन्मतः पाठ उघडी असलेल्या मुलांत ती शिवल्यानंतर त्या जागी रज्जू चिकटून राहतो. कारण कोणतेही असो, परिणाम एकच. आखूड दाव्याने खुंट्याला बांधलेले वासरू जसे उठू पाहते आणि त्याच्या मानेला ओढ बसते, तशी वाढत्या मुलाच्या रज्जूला ओढ बसते. या विकाराच्या इंग्रजी नावाचा अर्थही दाव्याने बांधलेला रज्जू असाच आहे. अमेरिकेतील यामादा व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली दाखवून दिले की, अशा ताणामुळे रज्जूतील पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रिया मंदावते. ताण थोडा व थोडा काळ असेल तर ती पूर्ववत होऊ शकते. फार व फार दिवस असेल तर होत नाही. आजच्या माझ्या सर्व प्रतिपादनाचा पाया या एका गोष्टीत आहे.

हा दोष ओळखणारी पहिली व्यक्ती डॉक्टर नसते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पायांवर पालथे घेऊन तेल चोळून न्हाऊ घालण्याची रीत आहे. न्हाऊ घालणारी आजी अथवा बाई बाळाची पाठ रोज, उजेडात, अगदी जवळून पाहते. तिने काय पाहावे ते सांगतो. कमरेच्या मध्यरेषेवर केसांचा झुबका, मऊ, चरबीसारखी गाठ, लालसर चट्टा, शेपटीसारखा लोंबणारा मांसल भाग, अथवा नितंबांच्या घळीच्या वर असलेली खोल खळगी, ज्यातून कधी पाणी वा पू येतो. अशी खूण असल्यास बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. बिळासारखी खळगी तर विशेष धोक्याची. कारण त्या वाटेने जंतू आत शिरून मेंदूज्वर होऊ शकतो. त्या बिळात काडी वा कापूस घालून पाहू नये.

मात्र विनाकारण भीतीही नको. घळीच्या आत, गुदद्वारापासून २.५ सेंटिमीटरच्या आत, ५ मिलिमीटरहून लहान व मध्यभागी असलेली साधी खळगी अनेक निरोगी बाळांना असते. तिचा या विकाराशी संबंध नसतो. तसेच कमरेवर व नितंबांवर दिसणारा निळसर करडा डाग आपल्या देशातील पुष्कळ बाळांना असतो, आणि तो वयाबरोबर फिकट होत जातो.

अडचण अशी की, पाठीवरील केसांच्या झुबक्याला आपल्या घरांतून शुभचिन्ह समजतात. शेपटीसारखा भाग दिसला तर कोणी त्याला मारुतीचा प्रसाद म्हणतात. श्रद्धेविषयी मला काही बोलावयाचे नाही. खूण शुभ असो वा अशुभ, तिच्याखाली काय आहे ते पाहून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता समजा, अशी खूण असलेली एक मुलगी सात वर्षांची झाली आहे. पाच वर्षांची असताना तिचे अंथरूण कोरडे राहू लागले होते. आता पुन्हा ओले होते. दिवसाही कपडे ओले होतात. तिला बद्धकोष्ठ आहे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित लहान, त्याची कमान उंच, आणि त्या पायाचा बूट एका बाजूने लवकर झिजतो. खेळून आल्यावर ती कंबर व पाय दुखतात म्हणते. घरचे लोक प्रत्येक गोष्टीचे निराळे स्पष्टीकरण देतात. अंथरूण ओले होते ते आळसाने, बद्धकोष्ठ भाजी न खाल्ल्याने, बूट वेडावाकडा चालल्याने, आणि दुखणे शाळा चुकविण्यासाठी. चार निराळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच ओढ आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. मुलीला मात्र बोलणी खावी लागतात; क्वचित मारही.

झोपेत अंथरूण ओले करणारी बहुतेक मुले या दृष्टीने निरोगी असतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु कोरडे होऊ लागलेले मूल पुन्हा ओले करू लागले, दिवसा थेंब थेंब गळू लागले, किंवा त्याबरोबर पायाची वा पाठीची काही तक्रार असली, तर ते खोडीचे लक्षण नव्हे.

पूर्वी या विकाराचे निदान करणे कठीण होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली राँटगेन यांनी लावला. पण त्यात हाडे दिसतात, रज्जू दिसत नाही. पुढे कमरेतून सुई घालून रज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडावयाचे व मग क्ष-किरण चित्र घ्यावयाचे अशी पद्धत आली. ती वेदनादायक होती, आणि रज्जू खाली बांधलेला असल्यास सुईच त्याला लागण्याचे भय असे. तरीही टोरांटोच्या बालरुग्णालयातील हॉफमन, हेंड्रिक व हंफ्रीज यांनी १९७६ साली या विकाराच्या नानाविध रूपांचे व शस्त्रक्रियेचे जे वर्णन केले, ते अशाच साधनांवर विसंबून. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे सी. टी. चित्र घेतले गेले. खरा बदल चुंबकीय चित्रणाने, म्हणजे ज्याला आपण एम. आर. आय. म्हणतो त्याने, घडवून आणला. लॉटरबर यांनी त्या तऱ्हेचे पहिले चित्र १९७३ साली प्रसिद्ध केले. २००३ साली त्यांना व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. रज्जूचे टोक कोणत्या मणक्यापाशी आहे, तंतू २ मिलिमीटरहून जाड आहे काय, चरबी कोठे शिरली आहे, रज्जूच्या आत पाण्याची पोकळी झाली आहे काय, हे सर्व त्यात दिसते. मुलाने निश्चल पडून राहावे लागते. म्हणून लहान मुलांना बहुधा औषधाने झोपवावे लागते, व त्यासाठी भूलतज्ज्ञ जवळ असावा लागतो. मात्र तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी एक सोपी वाट आहे. त्या वयात मणक्यांचा मागचा भाग पूर्ण हाड झालेला नसतो, म्हणून साध्या सोनोग्राफीने रज्जू पाहता येतो. भूल नको, सुई नको. पुढे मणके टणक झाल्यावर हे दार हळूहळू बंद होते. न्हाऊ घालणाऱ्या आजीने पहिल्याच महिन्यात खूण पाहून सांगितले, तर या सोप्या तपासणीचा लाभ मिळतो; वर्षाने सांगितले तर मिळत नाही.

तथापि चित्र म्हणजे रोग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मूत्राशय किती दाबाने भरतो, पूर्ण रिकामा होतो की नाही, मूत्रपिंडांना सूज आहे काय, हे कण्याच्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी व पोटाची सोनोग्राफी करावी लागते. पायांची शक्ती व संवेदना हातांनीच तपासावी लागते. शिवाय शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही नव्या चित्रात रज्जूचे टोक पुष्कळदा पूर्वीच्याच जागी दिसते. आईबाप ते पाहून घाबरतात व शस्त्रक्रिया फसली असे समजतात. सुटलेला रज्जू वर उडी मारीत नाही. त्याची ओढ कमी झालेली असते, आणि ओढ चित्रात दिसत नाही. ती मुलाच्या चालण्यात, त्याच्या कोरड्या अंथरुणात दिसते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. पाठीवर छेद घेऊन, मणक्याचा थोडा भाग उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली रज्जू मोकळा करतात. केवळ जाड तंतू असल्यास तो मज्जातंतूंपासून निराळा ओळखून कापावयाचा असतो. ही त्या मानाने लहान शस्त्रक्रिया आहे. चरबीची गाठ रज्जूत शिरलेली असल्यास काम दीर्घ व जोखमीचे होते. अशा वेळी विद्युत्-यंत्राने मज्जातंतूंना सूक्ष्म उत्तेजन देऊन पायांचे व गुदद्वाराचे स्नायू प्रतिसाद देतात की नाही, हे सतत पाहिले जाते. जखमेतून रज्जूभोवतीचे पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, आणि क्वचित पाय वा मूत्राशय पूर्वीपेक्षा बिघडणे, हे धोके आईबापांना आधी सांगितले गेले पाहिजेत, व त्यांनी ते विचारले पाहिजेत.

फळ काय मिळते? दुखणे बहुतेकांचे थांबते. हे सर्वांत खात्रीचे फळ आहे. पायांची अलीकडे आलेली दुर्बलता अनेकांत सुधारते अथवा तेथेच थांबते. मूत्राशय मात्र सर्वांत हट्टी. तो काहींचा सुधारतो, पण फार दिवसांचा बिघाड असल्यास पुष्कळदा सुधारत नाही. वाकडे झालेले पाऊल वा कणा आपोआप सरळ होत नाही. त्यासाठी अस्थिशल्यतज्ज्ञाची मदत लागते. मघाच्या त्या काल्पनिक मुलीला सातव्या वर्षी, तक्रारी नव्या असताना आणले, तर तिचे दुखणे जाण्याची व पाय टिकण्याची चांगली आशा असते, आणि मूत्राशयाचीही काही आशा असते. तिलाच चौदाव्या वर्षी, मूत्रपिंडांना सूज आल्यावर आणले, तर शल्यतज्ज्ञ तोच असतो, सूक्ष्मदर्शक तोच असतो, पण वाचविण्याजोगे फार थोडे उरलेले असते. ही शस्त्रक्रिया गेलेले परत आणण्यापेक्षा राहिलेले राखण्याचे काम अधिक चांगले करते.

मग कोणी म्हणेल की, तक्रार असो वा नसो, दोष दिसताच कापून मोकळे व्हावे. येथे तज्ज्ञांतही मतभेद आहेत, व ते आपण जाणून घ्यावेत. रज्जूच्या टोकाला चरबीची गाठ आहे, पण मुलाला काहीही तक्रार नाही, अशा मुलांचा अभ्यास कुलकर्णी, पिएर-कान व झेरा यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया न करता बारकाईने नजर ठेवलेल्या ५३ मुलांची तुलना त्यांनी पूर्वी शस्त्रक्रिया केलेल्या ९४ मुलांशी केली. नऊ वर्षांच्या अवधीत बिघाड होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३३ टक्के, तर दुसऱ्यात ४६ टक्के आढळले. उलट, पांग यांनी २००९ व २०१० साली असे प्रतिपादन केले की, गाठ पूर्णपणे काढून रज्जू नीट शिवल्यास दीर्घकाळचे फळ पुष्कळ चांगले येते. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: तक्रार सुरू झाल्यावर विलंब करू नये. ज्याला तक्रार नाही त्याच्यावर नजर ठेवावयाची ठरल्यास ती खरोखर ठेवली पाहिजे; ठरलेल्या तारखेस तपासणी झाली पाहिजे. ‘पाहू पुढे’ म्हणून घरी बसणे म्हणजे नजर ठेवणे नव्हे.

आणखी एक गोष्ट आईबापांना आधीच ठाऊक असावी. काही मुलांत, विशेषतः चरबीची गाठ असलेल्यांत, रज्जू पुन्हा चिकटू शकतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, म्हणजे साधारण वयात येताना, जुनी लक्षणे परत येतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरची कागदपत्रे जपून ठेवावी आणि मूल पूर्ण वाढेपर्यंत तपासण्या सोडू नयेत.

आणि ज्यांचा मूत्राशय सुधारत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी १९७२ साली अमेरिकेतील लॅपिडेस यांनी एक साधी पद्धत पुढे आणली. स्वच्छ हातांनी, दिवसातून ठराविक वेळा, बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करावयाचा. दाब वाढत नाही, मूत्रपिंडे वाचतात, आणि कपडे कोरडे राहतात. समजत्या वयाचे मूल हे स्वतः शिकते. त्याला लागते ते शाळेत दार बंद होणारे स्वच्छ शौचगृह, पाणी, आणि वर्गातून न विचारता बाहेर जाण्याची मुभा. ज्यांच्या पायांत संवेदना कमी आहे त्यांच्या पायांना चटका वा जखम झालेली कळत नाही. त्यांचे पाय रोज रात्री पाहावे. अशा मुलांपैकी काहींना रबराच्या हातमोज्यांची व नळ्यांची ॲलर्जी असते. ती असल्यास प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावी.

हे सर्व आपल्या गावापासून फार दूर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथेच सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांना एकदा तपासतात. ज्या ३० विकारांची ती नोंद करतात त्यांत जन्मजात मज्जारज्जूच्या दोषांचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि पाठ दाखविण्यास संकोच करू नये. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आपल्या जवळ आहे. पुढच्या उपचारांसाठी बदलापूरहून लोकलने दादर गाठून परळला जाता येते. तेथे १९२९ साली स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय व १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय आहे. खर्चाची चिंता असलेल्यांनी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्रथमच चौकशी करावी. कर्ज काढल्यानंतर करू नये.

प्रतिबंधाविषयी थोडे. गर्भाच्या मज्जानलिकेचे तोंड गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे नीट कळण्यापूर्वीच. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात सात देशांतील ३३ केंद्रांवर अशा स्त्रियांचा समावेश होता, ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते. गर्भधारणेपूर्वीपासून दिलेल्या फोलिक ॲसिडने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली. हे यश उघड्या पाठीच्या दोषांबाबतचे आहे. चरबीच्या गाठीबाबत तितके निश्चित सांगता येत नाही. तरीही विवाहानंतर अपत्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने ही स्वस्त गोळी आधीपासून घ्यावी. ज्यांना पूर्वी असे मूल झाले आहे त्यांना तिची मात्रा अधिक लागते.

शेवटी त्या दुसऱ्या रूपाविषयी, लपवालपवीविषयी. आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यात नावे वाचली जातात, तेव्हा कोणाच्या घरात काय आहे याची कुजबुज होते, हे आपण सर्व जाणतो. अशा मुलीच्या आईला भीती वाटते की, ही गोष्ट फुटली तर हिचे तर नाहीच, पण हिच्या मोठ्या बहिणीचेही जमणार नाही. म्हणून ती मुलीला डॉक्टरकडे नेत नाही. नेलेच तर दूरच्या नातेवाइकाकडे जातो असे सांगून नेते. चरबीच्या गाठीचा हा दोष बहुतेक वेळा त्या घराण्यात दुसऱ्या कोणाला नसतो. बहिणीच्या विवाहात त्याची अडचण मानण्यास आधार नाही. आणि ज्या मुलीचा रज्जू वेळेवर मोकळा केला गेला, ती शिकते, नोकरी करते, संसार करते.

म्हणून मंडळाने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी नम्र सूचना आहे. विद्यार्थी साहाय्य निधीतून अशा मुलांच्या परळच्या फेऱ्यांचा खर्च नाव जाहीर न करता द्यावा. महिला शाखेच्या एका सभेत तान्ह्या बाळांची पाठ कशी पाहावी याची माहिती द्यावी. आणि वधूवर मेळाव्यात एखाद्या कुटुंबातील मुलाच्या जन्मजात दोषाची चर्चा कोणी केल्यास वडीलधाऱ्यांनी ती तेथल्या तेथे थांबवावी. पहिल्या सूचनेला पैसे लागतील, दुसरीला एक दुपार लागेल, तिसरीला काहीच लागणार नाही. तरी तिसरीच सर्वांत कठीण आहे हे मी जाणतो, आणि म्हणून ती अध्यक्ष महाशयांच्या व ज्येष्ठ मंडळींच्या स्वाधीन करून मी आपली रजा घेतो.